पाच खिडक्या, दोन पावसाळे: अनगोळच्या एका मेस्त्रींचं काम

मी ब्लाउज शिवते. आमचं गाव बेळगावकडनं जाताना जांबोटीच्या अलीकडं, घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. सत्तावीस वर्षं मी एकाच खिडकीपाशी मशिन मांडून बसले. ती खिडकी पश्चिमेची, दोन फूट बाय तीन फूट. मिरगाच्या आधी तिला बाहेरनं प्लास्टिक ठोकायचं आणि दिवाळीच्या तोंडावर काढायचं, नाहीतर झड थेट मशिनवर. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने भर दिवसा ट्यूब लावून शिवायचं. पावसात आमच्याकडं लाईट किती टिकते, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची हातशिलाई घालताना डोळ्याला पाणी यायचं. चाळिशीचा नंबर दोनदा वाढला तेव्हा ठरवलं, आता चष्मा बदलायचा नाही, खिडकी बदलायची.

मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. तो आधी मला यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्यांच्या, शोरूमला घेऊन गेला. चकाचक खिडक्या, ढकललं की लोण्यासारख्या सरकतात. माणूस गोड बोलत होता. पण काच सगळी हिरवट नाहीतर निळसर. माझ्या पर्समध्ये नेहमी दोऱ्याची दोन-चार रिळं असतात. त्यातलं मोरपंखी काढून त्या काचेमागं धरलं, तर ते पार वेगळंच दिसलं. माझा अर्धा धंदा मॅचिंगवर चालतो. दोरा, अस्तर, लेस, हूकपट्टी सगळं मी खिडकीच्या उजेडात जुळवते. उजेडच रंगीत झाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ब्लाउज परत आणणार. साधी पांढरी काच बसवून द्यायला ते तयार होते, ते खरं. पण दुसरी अडचण राहिलीच: सरकती खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही. एक फळी दुसरीच्या मागं जाते, म्हणजे हवेला वाट अर्धीच. इस्त्री चालू असते तेव्हा एप्रिलमध्ये मला अर्ध्या वाटेनं भागत नाही.

ॲल्युमिनियमचं मुलानंच सांगितलं. एक किलो नवं ॲल्युमिनियम तयार करायला साधारण चौदा-पंधरा युनिट वीज लागते म्हणे. भंगार वितळवून केलं तर त्याच्या वीसाव्या हिश्शातच भागतं, पण आपल्या चौकटीत किती नवं नि किती भंगार, ते दुकानदार सांगत नाही. आमच्या पाच खिडक्यांना चाळीसेक किलो तरी लागलं असतं. आमचा महिन्याचा वापर सत्तर युनिटच्या आसपास. हिशेब केला तर आठ-नऊ महिन्यांची वीज नुसत्या चौकटीत. हे मी घाबरवायला सांगत नाही. मला तोवर हे माहीतच नव्हतं, म्हणून सांगते.

मग लाकूड. एका मोठ्या वखारीत गेलो. विचारलं, सागवान कुठलं? "बर्मा." मागं अंगणात गोल ओंडके पडलेले. ते पण बर्माच का? "होय की, ओरिजिनल बर्मा." घरी येऊन मुलीनं मोबाईलवर शोधलं, तर ब्रह्मदेशानं १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडके बाहेर पाठवायला बंदी घातलेली. कापलेला माल त्यानंतरही येत राहिला, ओंडका नाही. मग ते ओंडके कुठले होते? घानाचे, टांझानियाचे, इक्वेडोरचे, कुठलेही असू शकतील. तिकडचं सागवान वाईट असतं असं नाही. पण वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या झाडात बाहेरचा पांढरा भाग जास्त, नि वाळवी आधी त्यालाच लागते. पैसे बर्माचे घ्यायचे नि लाकूड कुठलं ते सांगायचं नाही, हे मला पटलं नाही. दुसरं कापड देऊन प्युअर सिल्क म्हणून पैसे घेण्यातलाच तो प्रकार.

बेळगावातल्या अनगोळचे हे सुतार मेस्त्री आम्हाला चुलत जावेनं सांगितले. त्यांचं नाव मी इथं देत नाही, कारण त्यांच्या कामात मला आवडलेलं बरंच आहे तशी एक मोठी तक्रार पण आहे, आणि ती पुढं लिहिली आहे. एकटा माणूस, हाताखाली दोन पोरं, पत्र्याची शेड.

ते घरी आले आणि टेप काढायच्या आधी म्हणाले, "अक्का, खिडकी किती मोठी पायजे ते मागनं बघू. तुम्ही बसताय कुठं, ते आधी दाखवा."

मी मशिनवर बसून दाखवलं. त्यांनी मला दोन ओळी शिवायला लावल्या. हाताची सावली सुईवर पडते का ते बघितलं, मग मशिन पूर्वेकडं तोंड करून ठेवायला सांगितलं आणि उत्तरेच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढला. डाव्या हाताला उत्तर. उजेड डावीकडनं येणार, सुई डावीकडंच असते, हाताची सावली मागं जाणार. सत्तावीस वर्षं मी उलटी बसत होते.

खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. जुनी खिडकी सहा फुटांची, विसावा हिस्सा. मेस्त्री म्हणाले, आपल्याकडच्या हवेला जमिनीच्या सहावा हिस्सा तरी उघडी खिडकी पाहिजे. पुतण्या सिव्हिल शिकतो, त्याला विचारलं, तर राष्ट्रीय बांधकाम संहितेत दमट उष्ण हवेला हेच प्रमाण आहे, मधल्या हवेला आठवा हिस्सा. उत्तरेला चार बाय साडेचारची खिडकी धरली, पश्चिमेची होती तेवढीच लहान ठेवली. दोन्ही मिळून चोवीस फूट. पश्चिमेची मोठी करूया म्हणून आमचे हे मागं लागले होते, तिकडनं डोंगर दिसतो. मेस्त्रींनी ऐकलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये चारनंतरचं ऊन तिरपं येतं, वर कितीही छज्जा काढा, ते खालनं आत शिरतंच.

उत्तरेच्या खिडकीला मात्र त्यांनी हातभर छज्जा धरला. मी म्हटलं, उत्तरेला ऊन कुठलं? ते नुसतं म्हणाले, "मे महिन्यात बघा." आणि खरंच, मेमध्ये सकाळी नि संध्याकाळी उत्तरेच्या उंबऱ्यावर उन्हाची पट्टी आली. बेळगाव पडतं साधारण सोळा अंशांवर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. पुस्तकात उत्तरेचा उजेड थंड लिहिलेला असतो, तो वरच्या मुलखातला. आमच्याकडं त्या तीन महिन्यांत खिडकीखाली रेशीम ठेवायचं नाही, एवढं मी शिकले.

लाकडाचं बोलणं शेडमध्ये झालं. तिथं मी दोन तास होते, आणि माझ्या मनात हे काम त्या दोन तासांतच पक्कं झालं.

आमच्या जुन्या खिडक्यांच्या फळ्या नि चौकटी मेस्त्री आधीच घेऊन गेले होते. मी त्या जळणाला टाकणार होते. वर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली निळा, त्याखाली आणखी कसला तरी चॉकलेटी. त्यांनी एक फळी बाकावर अडकवली. आधी हातानं चाचपून खिळे शोधले, पकडीनं एकेक उपटला. एक राहिला होता, तो पटाशीच्या टोकाला लागला तेव्हा कळला. मग रंधा लावला. पहिल्या दोन-तीन घासांत नुसता रंगाचा भुगा. चौथ्या घासाला एक लांब सलग साल निघाली, पातळ, रिबिनीसारखी गुंडाळत गेली, आणि खालनं मधासारखं पिवळं लाकूड निघालं. वास सगळ्या शेडभर. सागवानाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास. सासऱ्यांच्या वडलांनी घर बांधलं तेव्हाचं ते लाकूड. मेस्त्रींनी ती साल माझ्या हातात दिली. रेषा इतक्या जवळजवळ की मला मलमलीचे धागे आठवले. "अक्का, हे जाळालता तुम्ही," एवढंच बोलले.

दोन खिडक्यांच्या चौकटी त्या जुन्या लाकडातनं झाल्या. त्यासाठी एकही नवं झाड लागलं नाही. बेळगावात शहापूर, वडगाव भागात रोज एखादं जुनं घर पडतंय. त्यातल्या खिडक्या रद्दीच्या भावानं जातात, बघून जीव तुटतो. तुमच्या घरात असं काही पडलं असेल तर आधी रंधा मारून बघा, मग चुलीचं बघा.

बाकीच्या तिघींना नवं लाकूड. दांडेली-हल्याळकडच्या वनखात्याच्या डेपोत सागवानाचा लिलाव होतो, तिथला माल. मी वखारीतला अनुभव सांगितला तशी ते उठले आणि एका ओंडक्याचं तोंड दाखवलं. त्यावर आकडे होते, लांबीचे नि घेराचे, आणि हातोड्यानं मारलेला वनखात्याचा शिक्का. फाइलमधनं कागद काढले: लॉटचा नंबर, वाहतुकीचा पास. कागद कन्नडमध्ये. मुलगी हायस्कूलला कन्नड शिकली, तिनं ओळ न् ओळ वाचली, ओंडक्यावरचा नंबर कागदाशी जुळवला. जुळला. बिलावर पण त्यांनी तो नंबर लिहून दिला. आमच्या घरात सोन्याची पावती ठेवतात तिथं मी ते बिल ठेवलंय.

आता यात एक गोष्ट मी स्वतः शोधून, विचारून समजून घेतली, कारण सगळे ती एकातच मिसळतात. शिक्का नि पास असला म्हणजे लाकूड चोरीचं नाही, एवढं कळतं. ते जंगल कसं राखलंय, ते त्यावरनं कळत नाही. त्यासाठी वेगळी खूण असते. माझ्याकडं लेस येते त्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर एक झाडाचं चित्र असतं, बरोबरच्या खुणेतनं काढलेलं झाड. वर्षानुवर्षं मी ते बघत होते. ती फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलची खूण, संस्था १९९३ सालची. तिसऱ्याच माणसांनी जंगलात जाऊन तपासायचं: तोड किती, पुन्हा लागवड किती, ओढे-नाले राखले का, मजुरांना नि तिथं राहणाऱ्यांना त्यांचं मिळतं का. आणि जंगलापासून दुकानापर्यंत ज्याच्या ज्याच्या हातातनं लाकूड जातं, त्या प्रत्येकानं तपासून घ्यायचं. एक हात जरी सुटला तरी शेवटच्या मालावर खूण लावता येत नाही. खुणेत पण प्रकार आहेत. 'मिक्स' लिहिलं असेल तर सगळं लाकूड तपासलेल्या जंगलातलं असेलच असं नाही. आपल्या सरकारनं पण डिसेंबर २०२३ मध्ये जंगल नि लाकूड तपासून प्रमाणपत्र द्यायची स्वतःची योजना काढली. अनगोळच्या शेडमधल्या एकट्या माणसाकडं यातलं काही नाही, आणि त्यांनी ते असल्याचं भासवलं पण नाही. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडं डेपोचा कागद हाय, त्याच्या पुढचं मला सांगता येत नाही." मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं.

मी एवढं खोदून का विचारते? आमच्या घरापासून वरच्या अंगाला गेलं की कणकुंबी, तिथं मलप्रभेचा उगम. दक्षिणेला भीमगड, २०११ साली अभयारण्य झालं, तिथनं म्हादई निघते. आमच्या विहिरीला मेमध्ये पाणी असतं ते या रानामुळं. माहेरी सागवानाची लागवड जवळ होती, म्हणून मला दोन्ही रानं ओळखू येतात. सागवानाची रोपं दोन-दोन मीटरवर दाट लावतात, मग पाच-दहा वर्षांनी विरळ करत जातात, आणि शेवटची तोड व्हायला साठ-सत्तर वर्षं पण जातात. केरळात निलांबूरला १८४० च्या दशकातच ही पद्धत सुरू झाली. पण सागवानाखाली उभं राहून बघा. पानं सुपाएवढी. पाऊस त्यावर साठतो आणि मोठे मोठे थेंब होऊन पडतो, खालची माती उडते. झुडूप राखलं नाही तर जमीन उघडी पडते. ऐन, नाणा, किंजळ, जांभूळ मिसळलेल्या रानात पाय रुततो. लागवडीतलं सागवान मी घेतलं, ते घेणं मला बरोबर वाटतं, कारण लावलेलं झाड तोडून पुन्हा लावता येतं. जुन्या रानातलं मात्र कुणी फुकट दिलं तरी मी घेणार नाही.

मेस्त्री तेव्हा वडलांच्या हाताखाली शिकत होते, १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तेव्हा. मंजूर आराखड्याशिवाय जंगलात तोड बंद, केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलातल्या सॉ मिल बंद. वर्षभर हाताला काम कमी होतं, वडील बैलगाड्या दुरुस्त करत होते. तरी ते त्या आदेशाला नावं ठेवत नाहीत. "नाहीतर आज मला कापायला काय राहिलं असतं?" म्हणाले.

आता काम. सांधे कुसू काढून, म्हणजे लाकडाच्या टोकाला जीभ काढून, ती भोकात बसवून, वर लाकडी मेख मारलेले. चौकटीत खिळा नाही. सगळ्यात मला आवडलेली गोष्ट दिसत पण नाही: खिडकीच्या खालच्या लाकडाला बाहेरच्या अंगाला उतार आहे, आणि त्याच्या पोटाला, कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच आहे. बोट फिरवलं तरच कळते. पाणी उतारावरनं येतं, कडेला वळून खालनं भिंतीकडं जायला बघतं, त्या खाचेपाशी तुटतं आणि थेंब होऊन खाली पडतं. पहिल्या पावसात मी छत्री घेऊन बाहेर उभी राहून हे बघितलं. भिंत कोरडी. सत्तावीस वर्षं त्या भिंतीला ओल होती.

तेल अळशीचं, दोन हात. पुसायला मी चिंध्या दिल्या, माझ्याकडं त्याला तोटा नाही. काम झाल्यावर मेस्त्रींनी त्या सगळ्या बादलीत पाण्यात बुडवल्या. अळशीच्या तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेतात. ज्या घरात कापडाचे गठ्ठे असतात तिथं हे माहीत असलंच पाहिजे.

आता तक्रार. पहिली उशिराची. पाडव्याचा वायदा होता, चौकटी आल्या मिरगाच्या तोंडावर. भिंतीला भगदाड, वर आभाळ भरलेलं, तीन रात्री ताडपत्री लावून झोपलो. फोन केला की "उद्या येतो". हे "उद्या" मी पण गिऱ्हाइकाला म्हणते, पण लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज दिल्याशिवाय मी झोपत नाही.

दुसरी मोठी. जुलैत पश्चिमेच्या खिडकीची एक फळी फुगून बसली, उघडेना. तीन फोन झाल्यावर मेस्त्री आले, कडेला रंधा मारला, फळी सुटली. संक्रांतीला बघते तर फळी नि चौकटीत फट, त्यातनं गार वारा. झालं काय, की लाकूड पावसात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. फुगलेलं असताना तासलं की उन्हाळ्यात ते आटून कमी पडणारच. अस्तर भिजवून वाळवल्याशिवाय मी कापत नाही. कापून मग धुतलं तर ब्लाउज अंगात शिरत नाही. त्यांना मी हेच म्हटलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "ती एक फळी घाईत ओलीच लावली, अक्का. माझी चूक हाय." आतनं पट्टी मारून दिली, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात ती अडकली नाही. पण पट्टीचा रंग वेगळा दिसतो, आणि मला रोज दिसतो.

डासांच्या जाळीची चौकट मात्र त्यांच्याकडनं करून घेऊ नका. हलकी झालीय, कोपरे सैल. आणि बिजागऱ्या पितळी पाहिजेत हे आधीच बोलून घ्या, नाहीतर लोखंडी येतात.

पाच खिडक्यांचे छप्पन्न हजार झाले, बसवून, काचेसकट. यूपीव्हीसीचे अडतीस सांगितले होते. जुन्या लाकडामुळं छप्पन्नवर भागलं. दरवर्षी पावसाळ्यानंतर तेलाचा एक हात द्यावा लागतो, त्यात माझा एक रविवार जातो. ज्या घरात हे करायला माणूस नाही, त्यांनी यूपीव्हीसी घ्यावं, पांढऱ्या काचेचं. ते फुगत नाही, कुजत नाही.

गेल्या ऑगस्टात, सलग नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता तेव्हा, मी दुपारी साडेचारला काळ्या खणाच्या ब्लाउजला हूक लावत होते. लाईट सकाळपासून गेलेली, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

स्वयंपाकघराची खिडकी राहिली आहे. परवा शेडमध्ये जाऊन ॲडव्हान्स दिला. त्याचं लाकूड कापून ठेवलंय, फळ्यांच्या मध्ये काठ्या घालून, हवा खेळावी म्हणून. सगळ्यात वरच्या फळीवर खडूनं तारीख लिहिलीय, फेब्रुवारीतली. या पाडव्याला करून देता का, म्हणून विचारलं. मेस्त्रींनी फळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही अक्का. हिला एक उन्हाळा पुरा खाऊ दे."